जुन्या टाक्यांवर नवे टाके

माझ्या पोटावर वण एकच आहे, बाळंतपणं मात्र दोन. दुसऱ्या वेळी डॉक्टरबाईंनी जुन्याच रेषेवरून सुरी चालवली. शिंपी शिवण उसवून तिथेच पुन्हा शिवतो तसं.

हे लिहायचं कारण म्हणजे बायका मला बाजूला घेऊन विचारतात. लग्नात विचारतात, भाजीच्या गाडीशी विचारतात, एकदा तर सत्यनारायणाचा प्रसाद हातात असताना विचारलं. "पहिलं सिझर झालंय हो, दुसरं नॉर्मल होईल का?" मी डॉक्टर नाही, पाटीवर कुठे माझं नाव नाही. पण माझं काय झालं ते सांगू शकते. सांगताना लपवणार काही नाही, कारण लपवालपवीनेच माझा जीव जायची वेळ आली होती.

पहिली खेप

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. माझं माहेर मखमलाबादचं, फुलांचा मळा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दसऱ्याचा झेंडू तोडणीला आला होता, आणि घरातला प्रत्येक माणूस मळ्यात वाकलेला. आईने मला तपासणीला नेलं ते पिवळ्या हातांनीच. तिथल्या डॉक्टरांनी पोटावर यंत्र ठेवलं, पुन्हा ठेवलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "पाणी कमी झालंय. बाळाचे ठोके मंदावताहेत. थांबून चालणार नाही."

एक कळसुद्धा आली नव्हती. सकाळी मी गजऱ्याचा दोरा ओवत होते, दुपारी मुलगी झाली होती. आमची पल्लवी. गोरीगोमटी, धडधाकट. मला वाटलं, देवाने सोडवलं.

पण बघायला येणाऱ्या बायकांना ते तसं वाटेना. "कळा नाही, काही नाही, आयतं बाळ मिळालं बाई हिला!" असं हसत म्हणायच्या. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, विंचूरहून बारशाला आल्या. कांद्याच्या शेतात उभं आयुष्य गेलेलं, बोलणं रोखठोक. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं, दृष्ट काढली आणि म्हणाल्या, "माझी सहा झाली. सुईण व्हती आन् देव व्हता. एकबी कापून काढलं नाय." टोमणा नव्हता तो. मोंढ्यातला भाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं. मला मात्र ते जिव्हारी लागलं.

आणखी एक. आईने रिवाजाप्रमाणे बाजेखाली शेगडी ठेवली, वर फडक्याने पोट शेकलं. टाक्यांच्या भोवतीची कातडी किती तरी महिने बधिर असते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला चटका कळलाच नाही. फोड आला तेव्हा कळलं. ज्यांचं सिझर झालंय त्यांनी पोट शेकू नये. आया ओरडतील, ओरडू द्या.

बाकावरच्या बायका

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा आम्ही ओझरला राहत होतो. हे विमानाच्या कारखान्यात कामाला, भाड्याच्या दोन खोल्या, गल्लीत सगळी ओळखीची माणसं. दुसरं बाळंतपण सासरी, म्हणून आत्याबाई विंचूरहून मुक्कामाला आल्या. नाव नाशकातल्या एका दवाखान्यात घातलं.

तिथे बाहेरच्या बाकावर बसलं की शेजारीण आधी गाव विचारायची, मग लगेच, "तुझं कितवं? पहिलं कसं झालं व्हतं?" ज्यांचं पहिलं सिझर झालं होतं, त्यांच्यापैकी बहुतेकींना दुसऱ्याची तारीखसुद्धा मिळालेली असायची. "एकदा सिझर म्हंजे दरवेळी सिझर," असं त्या म्हणायच्या आणि पिशवीतली चकली पुढे करायच्या. कुणी वाद घालत नव्हतं. कुणी आनंदीही दिसत नव्हतं.

मी वाद घातला. डॉक्टरबाईंना विचारलं, "माझं नॉर्मल नाही का होणार?"

त्या स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "होऊ शकतं. पहिल्या वेळचं कारण पुन्हा येईलच असं नाही. पण गर्भपिशवीवरचा जुना टाका कळांचा ताण सोसेल का, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून अट एकच. पहिली कळ आली की इथे यायचं. घरी थांबायचं नाही. टाका दगा देतोय असं वाटलं तर मी लगेच ऑपरेशन करीन. आणि यावेळी पुन्हा कापावं लागलं, तर पुढच्या मुलाचा विचार करताना दहादा विचार करा."

आत्याबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मात्र म्हणाल्या, "एकदा हे नीट झालं की पुढची वाट मोकळी."

पुढची वाट म्हणजे काय ते मला समजलं. यावेळी मुलगी झाली तर पुढे मुलगा. आणि पुन्हा पोट कापलं गेलं, तर ती वाट तिथेच संपली. माझा हट्ट वेगळा होता. मला त्या "आयतं बाळ" म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायची होती. दोघींची कारणं निराळी, पण नवस एकच. दोघींचं सगळं त्या एका बाळंतपणावर अवलंबून होतं.

कुणापाशी बोलायचं नाय

आमच्याकडे एक समज आहे. तुमच्याकडेही असेल. बाईला कळा सुरू झाल्या की कुणाला सांगायचं नाही. जितक्या माणसांना समजेल तितकी बाई जास्त अडते. माझ्या मावशीला फार वेळ लागला, त्याचं खापर अजून चुलतभावावर फुटतं, कारण तो पिठाच्या गिरणीत बोलून बसला.

त्या दिवशी हे पहिल्या पाळीला गेले आणि मी कणीक मळायला घेतली. पोट दगडासारखं घट्ट झालं आणि सैल पडलं. पुन्हा झालं. मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच हसू आलं. मग त्यांनी दार लोटून घेतलं.

"आता कुणापाशी बोलायचं नाय."

"डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, लगेच या."

"जाऊ की. नाय कुठं म्हनते. पर गाजावाजा नको. तुझा नवरा पाळीवरून आला की गुपचूप स्कूटरवर जाऊ."

कारखान्यात निरोप द्यायचा तर फोन शेजारच्या निर्मलाताईंकडे. फोन करायचा म्हणजे निर्मलाताईंना सांगणं आलं. निर्मलाताईंना सांगायचं म्हणजे ओझरला दवंडी. असा तो पेच. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. कळा येत होत्या, जात होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी इतर बायकांसारखी कळा देत होते, आणि मला त्याचा चक्क अभिमान वाटत होता.

तेवढ्यात निर्मलाताईच आल्या, विरजण मागायला. आल्या त्या पाटावर बसल्या. जावेची गाऱ्हाणी सुरू झाली. आत्याबाईंनी चपळाईने मेथीची जुडी मांडीवर घेतली आणि सणासुदीला बसल्यासारख्या निवडायला लागल्या. मी ओट्याकडे तोंड करून उभी, दोन्ही हात कडाप्प्यावर दाबलेले. कळ आली की मी नळ सोडायची, म्हणजे श्वासाचा आवाज जाऊ नये.

"सुमन, चेहरा का गं उतरलाय?" त्यांनी विचारलंच.

"पित्त खवळलंय तिचं," आत्याबाई म्हणाल्या. "सकाळधरनं काय खाल्लं नाय."

"मग लिंबाचं सरबत करून देते मी."

"नगं नगं! सरबतानं वाढतं."

कसल्या पित्ताला सरबत वर्ज्य आहे कोण जाणे. निर्मलाताई बिचाऱ्या विरजण घेऊन गेल्या. पल्लवीलाही त्यांनी खेळायला नेलं. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. ते शेवटचं हसणं.

त्यानंतर दुखणं बदललं. आधी कळ ओसरली की पोट मोकळं व्हायचं. आता ओसरल्यावरही खाली, जुन्या टाक्याच्या जागी, जळत राहिलं. ते थांबेना. मला घाम फुटला. मी म्हटलं, "आत्याबाई, इथं दुखतंय, आणि जातच नाही."

त्यांनी हात ठेवला. सहा बाळंतपणांचा हात तो. "कळ आली की जाती," त्या पुटपुटल्या. "ही जात का नाय?" पुन्हा हात ठेवला, माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

आत्याबाई चारचौघांत मोठ्याने बोलत नसत. पुरुषमाणूस समोर आलं तर पदर सावरून भिंतीशी उभ्या राहायच्या. त्या उठल्या, धाडकन दार उघडलं आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला तसाच ठेवून गल्लीच्या मधोमध जाऊन ओरडल्या, "अगं बायांनो! माझी सून अडलीय! सकाळधरनं कळा येत्यात, म्या लपिवलं! कुनाची गाडी हाय का गाडी?"

एका क्षणात गल्ली भरली. निर्मलाताईंनी कारखान्याच्या गेटचा नंबर फिरवता फिरवता आत्याबाईंना फैलावर घेतलं. "पित्त म्हणे! पित्त!" कोपऱ्यावर नाशिकच्या मार्केटला निघालेला कोथिंबिरीचा टेंपो उभा होता. चालकाने नुसतं पाहिलं आणि मागचा फाळका पाडला. बायकांनी मला उचलून जुड्यांवर निजवलं. ओली, गार कोथिंबीर होती. अजूनही मोठ्या बाजारात तो वास आला की मी भरभर पुढे निघून जाते.

दहावा मैल नावाचा फाटा मागे पडला. आडगावच्या जकात नाक्यावर गाड्यांची रांग होती. आत्याबाई टेंपोच्या कठड्यावर उभ्या राहिल्या आणि नाक्यावरच्या माणसाला, रांगेतल्या ट्रकवाल्यांना, ऊस-रसवाल्याला, सगळ्यांना त्यांनी सांगितलं. "सून अडलीय रे माझी! वाट द्या!" सकाळी एका शेजारणीला न सांगणाऱ्या बाईने दुपारी अख्ख्या आग्रा रोडला सांगितलं. वाट मिळाली.

टेबलावर

डॉक्टरबाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हात लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "आत घ्या."

कमरेत सुई दिली, पाय परके झाले. मी जागी होते. समोर हिरवं कापड, वर दिवा. भीतीचं काय सांगू? देवाचं नाव आठवेना. पल्लवीने सकाळी दूध संपवलं होतं का, एवढंच डोक्यात घोळत होतं.

कापडापलीकडे ओढाताण जाणवली, मग एकदम पोट हलकं झालं. बाळ बाहेर आलं होतं. रडण्याचा आवाज नाही. मी विचारलं, "रडत का नाही?" लहान मुलांचे डॉक्टर कोपऱ्यात पाठमोरे वाकलेले दिसत होते. एक सिस्टर बाहेर गेली, परत आली, डॉक्टरबाईंच्या कानाशी काही बोलली. मग डॉक्टरबाई माझ्याकडे वाकल्या.

"ऐक. पिशवी जुन्या टाक्यावर उसवत आली होती. मी शिवतेय, तू वाचलीस. पण पुढचं बाळंतपण तुझ्या जिवावर बेतेल. नळ्या बांधून टाकू का? बाहेरच्यांचं मी बघते. तुझं तू सांग."

"काय झालंय?"

"मुलगी आहे. प्रयत्न चाललेत."

पोरगी जगेल की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी एक मुलगी, कोपऱ्यात एक, आणि पुढची वाट मोकळी व्हावी म्हणून नवस बोललेली म्हातारी दाराबाहेर. नको म्हणावं असं क्षणभर वाटलं. आत्याबाईंना काय तोंड दाखवू? मग पल्लवीचा दुधाचा पेला डोळ्यांपुढे आला. तिला आई पाहिजे होती.

"बांधा," मी म्हटलं.

तेव्हा कोपऱ्यातून मांजरीच्या पिल्लाएवढा आवाज आला. माझी धाकटी रडली. मीही रडले.

आमची ओळ

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. हे कारखान्याच्याच कपड्यांत धावत आले होते, त्यांनी कागदांवर सह्या केल्या. खाटेशी येऊन हळूच म्हणाले, "नळ्यांचं आईला आत्ता सांगू नको. घरी गेल्यावर बघू." पुन्हा लपवालपवी. पण मला बोलायचं त्राण नव्हतं.

वॉर्डातलं आयुष्य विचित्र असतं. सकाळी सिस्टर येऊन सगळ्यांसमोर मोठ्याने विचारणार, "गॅस सुटला का?" आणि सुटला म्हटलं की शेजारच्या खाटांवरून अभिनंदन. पहिल्यांदा उठून बसताना पोट गळून पडेल असं वाटतं. पडत नाही. खोकताना दोन्ही हातांनी टाके दाबून धरा. हसवणाऱ्या नातेवाइकाला भेटीला येऊ देऊ नका.

आमच्या ओळीत जवळजवळ सगळ्या जुन्या टाक्यांवर नवे टाके पडलेल्याच होत्या. कुणी शिक्षिका, कुणी द्राक्षबागेत कामाला जाणारी. माझ्या शेजारची हिरा हरसूलकडची, डोंगरातली. एका संध्याकाळी ती म्हणाली, "पहिल्यांदा कापलं ना ताई, तवा वाटलं, माझंच अंग खोटं. हितं येऊन बघितलं तर साऱ्याच तशा."

मी तिचा हात धरला. मला आधी हायसं वाटलं, आणि मग राग आला. एवढ्या बायकांचं होतं तर कुणी बोलत का नाही? प्रत्येकीने घरी जाऊन वण नऊवारीत, साडीत, गाऊनमध्ये लपवायचा आणि आपणच तेवढ्या कमी पडलो असं समजायचं? सगळ्यांच्याच ऑपरेशनची खरी गरज होती का, ते मला ठाऊक नाही. कुणी कळांना भ्यायली होती, कुणाच्या घरच्यांना ठरलेली तारीख बरी वाटली होती. माझ्याबाबतीत मात्र त्या सुरीनेच आम्हा दोघींना राखलं. नॉर्मलचा प्रयत्न करायला माझी ना नाही. डॉक्टर हो म्हणत असतील तर जरूर करा. पण कळ आली की सांगा. नवऱ्याला सांगा, शेजारणीला सांगा, गरज पडली तर जकात नाक्यावर सांगा.

हे मी आज सांगते, पण वॉर्डात आत्याबाईंनी तेव्हाच सुरू केलं होतं. माझं काढलेलं दूध वाटीत, वाटी पदराखाली धरून त्या काचेच्या पेटीपर्यंत न्यायच्या, आणि येताना प्रत्येक खाटेशी थांबायच्या. "म्या लपिवलं व्हतं. लय मोठी चूक. तुमी लपवू नका." नव्या आलेल्या बाईला तर तिचं नाव विचारायच्या आत सांगायच्या. एका सिस्टरने त्यांना बसायला स्टूल दिलं, आणि मला केसांना लावायला स्वतःच्या बाटलीतलं तेल. अशा गोष्टी माणूस विसरत नाही.

मी मात्र रोज त्यांच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, हिला अजून ठाऊक नाही.

पेटीबाहेर

एके दुपारी पोरीला पेटीतून काढलं. आत्याबाईच घेऊन आल्या, छातीशी धरून, पायाखाली बघत बघत. हिरा, पलीकडची शिक्षिका, सगळ्या माना वर करून पाहत होत्या. आत्याबाई खाटेच्या कडेला बसल्या. पोरीच्या कपाळावरचं जावळ सारलं.

"पल्लवीला बहीन आली," त्या म्हणाल्या.

आता पुढचं वाक्य येणार, पुढच्या खेपेला भाऊ, असं मला वाटलं. ते ऐकून घ्यायची ताकद माझ्यात नव्हती. यांचं ते "घरी गेल्यावर बघू" बाजूला ठेवून मीच बोलले. "आत्याबाई, पुढची खेप नाही आता. मी बांधून घेतलंय. टेबलावरच."

त्या पोरीला थोपटत राहिल्या.

"ठावं हाय मला."

"यांनी सांगितलं?"

"त्यो कशाचा सांगतोय. त्यो पोचलाबी नव्हता." त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं. "ती सिस्टर भाईर आली. म्हनली, आजी, पोरगी हाय, अजून रडली नाय. आन् सुनेला पुढचं मूल झालं तर ती जगायची नाय, नळ्या बांधायच्या का? म्या म्हनले, मला काय इचारती, तिला इचार. आन् ती नको म्हनली तर मला आत घे. माझ्या भ्यानं नको म्हनंल ती."

त्यांनी पोरीला माझ्या कुशीत नीट ठेवलं, तिचं तोंड दुधाला लावून दिलं, आणि पल्लवीला बहीण दाखवायला आणायची म्हणून ओझरची एसटी पकडायला निघाल्या.